एकच पात

“घ्या मॅडम, भाजी अजून गरम आहे,” म्हणत रंजनानं डबा माझ्या हातात दिला.

डबा खरंच गरम होता. वांग्याच्या भाजीतून वाफ निघत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवून तोंडात घातला आणि तो घास तसाच तोंडात राहिला. दुपारचा एक वाजला होता. पौषातली थंडी, त्यात उघड्या माळावरचा वारा. रंजना पहाटे पाचला चूल पेटवायची आणि सहाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून इथं यायची, हे मला माहीत होतं.

“कुठं गरम केलास गं?” मी विचारलं.

“इथं कुठली आली चूल?” ती हसली. तिच्या शेजारच्या दोघीही हसल्या. “जमीनच करून देते न मॅडम. सकाळी इथं ठेवला की जेवाच्या वेळेवर आताच उतरवल्यासारखा होते. तीन दिवस झाले, आमी सर्व्याजणी इथंच बसून राहिलो. बुडाले बी शेक भेटते.”

पुन्हा हशा पिकला. मी घास कसाबसा गिळला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असा तळहात जमिनीवर टेकवला. ताप चढलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा, तशी ती माती लागली.

दहा बाया गोल करून बसल्या होत्या. अकरावी मी. एकटी पर्वताबाई उभी होती. ती माझ्या मागोमाग नुकतीच येऊन पोचली होती, फडक्यात बांधलेली भाकरी तिच्या हातात तशीच होती. ती बसत नव्हती. पायाखाली बघत होती आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

त्या जागेविषयी सांगायला हवं, नाहीतर मी का घाबरले ते कळायचं नाही. वणीच्या पुढे उमरधरा म्हणून गाव होतं. त्याच्या शेतांखाली कोळसा सापडला. खाणवाल्यांनी आधी शेतांवरची काळी माती सोलून काढली आणि एका बाजूला तिचा डोंगर करून ठेवला. मग खालचा दगड-मुरूम उपसला, कोळसा नेला. अकरा वर्षांनी कोळसा संपला तेव्हा तोच दगड-मुरूम परत खड्ड्यात ढकलला आणि त्यावर आता ती जुनी काळी माती पसरायची होती. सगळीकडे एक मीटर. पावसानं ती वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर गवताचे ठोंब लावायचे. मी चोवीस वर्षांची, कृषी पदविका घेतलेली, ठेकेदाराकडे माती सुपरवायझर म्हणून लागलेली. माझं हत्यार म्हणजे एक लोखंडी सळई. वीस-वीस पावलांवर खुंट्या ठोकलेल्या होत्या, प्रत्येकीला नंबर. खुंटीपाशी सळई खुपसायची, खाली दगडाला लागली की माती किती खोल आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. काम असं सोपं, की माझी आई म्हणायची, हे तर मी चकलीच्या तेलात झारा बुडवूनसुद्धा करते.

पण खड्ड्यात ढकललेल्या दगडात थोडा कोळसाही असतोच. हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेटतो. ज्वाळा नाही, काही नाही. वर्षानुवर्षं आत धुमसत राहतो. वर गवत हिरवं दिसतं. खालचा कोळसा जळून राख होतो, राख खाली बसते आणि मध्ये पोकळी तयार होते. तिच्यावर आमची काळी माती भाजून पापडासारखी कडक होते. त्या पापडावर ठोंब उभे राहतात. बाई उभी राहील की नाही ते सांगता येत नाही.

आणि मला हे कळायला त्या दिवशीच्या डब्याची गरज नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी सतरा नंबरच्या खुंटीपाशी मी सळई बाहेर ओढली, तेव्हा ती हातात धरवली नव्हती. मी धावतच देवतळे साहेबांकडे गेले. देवतळे म्हणजे ठेकेदाराचे मॅनेजर, कानटोपी आणि सोन्याचं घड्याळ दोन्ही एकाच वेळी घालणारा माणूस.

“उन्हानं तापली असेल,” ते म्हणाले.

“साहेब, सकाळचे आठ वाजले होते.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “गौरकार, तीन आठवड्यांवर तपासणी आली. वरून समिती येणार आहे. जमीन पास झाली की कुंपण काढायचं आणि गावाला चराईसाठी देऊन टाकायची. आपण मोकळे. तुमचं कायम होण्याचं पत्र हे इथं, माझ्या टेबलावर पडलंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? चार ट्रिपा माती आणखी टाका. हवा बंद झाली की विझतं ते.”

विझतं, हे खोटं नव्हतं. कधीकधी विझतं. मला तेवढं पुरलं. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच. मी चार ट्रिपा माती टाकून घेतली, वहीत सतरा नंबरपुढे फक्त खोली लिहिली आणि बायांना सांगितलं, तिथं ओल आहे, तिथं ठोंब लावू नका. ओल नव्हती. मी भित्री होते, दुसरं काय.

आणखी एक पराक्रम मी त्याच आठवड्यात केला होता. बाया अनवाणी काम करायच्या. समितीला ते दिसू नये म्हणून मी भांडून भांडून त्यांच्यासाठी गमबूट मागवले आणि दंडक घातला, की ज्या बाईच्या पायात बूट नाहीत तिनं शेतात पाय ठेवायचा नाही. त्या बुटांचा मला फार अभिमान होता. पर्वताबाई तेवढी कुरकुरली होती. “मॅडम, यानं तं पायाले मातीच नाही कळत,” ती म्हणाली होती. ती मला एकाच दमात मॅडमही म्हणायची आणि ‘तू’ही करायची. पंचावन्न वर्षांची, उमरधऱ्याचीच. ठोंब लावायचे असोत की निंदण असो, सगळ्यात पुढची पात तिची. मी तिला म्हटलं, “पर्वताबाई, मातीचं काम मातीला करू द्या, तुम्ही पाय सांभाळा.” माझ्या या वाक्यावर मी तेव्हा खूश झाले होते.

आता आम्ही बसलो होतो ती जागा सतरा नंबरपासून चांगली शंभर पावलं लांब होती. म्हणजे विस्तव विझला नव्हता. तो सरपटत इथवर आला होता. गेले तीन दिवस मी ऑफिसात बसून समितीसाठी नकाशे रंगवत होते, आणि पर्वताबाई रोपवाटिकेत ठोंब उपटायला होती. बाकीच्यांच्या पायात माझे बूट होते.

“मॅडम,” पर्वताबाई हळूच म्हणाली, “काय झालं?”

माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मी ‘पळा’ म्हणणार, दहा बाया एकदम धडपडत उठणार, आणि त्यांच्या पायांखालचा पापड मोडणार.

“कुणी उठू नका,” मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. “कुणीच हलू नका.”

“काऊन?” रंजनानं विचारलं. ती हसतच होती अजून. मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

तेवढ्यात खाली आवाज झाला. मोठा नाही. कुणी बंद खोलीत सुपारी फोडावी इतकाच. आमच्या गोलाच्या मधोमध, डब्यांच्या रांगेपाशी एक बारीक भेग दिसली आणि तिच्यातून धुराचा धागा वर आला. वाऱ्यानं तो लगेच मोडून टाकला, पण सगळ्यांनी तो पाहिला होता.

“अवं माय,” कुणीतरी म्हणालं. दहा बाया आणि मी श्वास धरून बसलो होतो. मला माझ्या पोटऱ्यांखालची ऊब कळत होती. मघाशी ती बरी वाटली होती.

आणि मग डोझर सुरू झाला.

आत्राम डोझर चालवायचा. रोज आमच्यापासून जरा लांब, डंपरच्या रस्त्याकडेला मशीन लावून जेवायचा आणि दीडला माती सपाट करायला सुरुवात करायचा. त्या दिवशी त्याचं जेवण लवकर आटोपलं असावं. त्या यंत्राचं धूड नुसतं जागच्या जागी गुरगुरलं तरी जमीन थरथरते. मी दोन्ही हात वर करून हलवले. एका हातात रंजनाचा डबा होता. आत्रामनं तो पाहिला, खुशीत हात हलवला आणि डोझर आमच्याच दिशेनं आणायला लागला. बाया रोज त्याला एखादी भाकरी द्यायच्या. त्याला वाटलं, बोलावतात.

जमिनीचा थरकाप मला दातांत जाणवत होता. मधली भेग बोटभर रुंद झाली. मी डबा टाकून दिला आणि दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली. खाणीत ही खूण जिवावर बेतलं तरच करतात. ज्यानं ती पाहिली तो प्रश्न विचारत नाही. आत्रामनं पाहिलं. डोझर थांबला, मग बंद झाला. तो साठ पावलांवर तसाच आत बसून राहिला. उतरलासुद्धा नाही.

“बाया हो,” पर्वताबाई म्हणाली. अगदी निंदणाला लावताना बोलायची तशी. “आज एकच पात. माह्या मांगं.”

निंदायला बसलेल्या बायांची प्रत्येकीची आपापली पात असते. आपली ओळ आपण धरायची, दुसरीच्या ओळीत घुसायचं नाही. एकच पात असा प्रकार कधी नसतो. पण बायांना लगेच कळलं.

“एकमेकीले धरू नोका. दोन हात दूर राहा. जिथं माहा पाय पडन तिथंच पाय ठेवा, बित्ताभर इकडं नाही की तिकडं नाही. आधी शेवंता ऊठ. हळू.”

“पर्वताबाई,” मी म्हटलं, “कुठून जायचं? खाली कुठं काय आहे ते मला माहीत नाही.”

“तुले कसं माईत राहीन? तुह्या पायात बूट आहे.”

“तुमच्याही आहेत की.”

तिनं एक पाय उचलून माझ्याकडे तळवा केला. बुटाला तळ नव्हता. वरून बूट आणि खाली तिचा भेगाळलेला, काळ्या मातीनं माखलेला उघडा पाय. धारदार विळ्यानं कापावा तसा रबराचा तळ सफाईदार कापून टाकलेला होता. मी तोंड उघडलं, पण तिनं मान हलवली.

“मंग बोलू. आता चाल.”

ती निघाली. पायाची बोटं आधी टेकवायची, थांबायची, मग पाऊल ठेवायची. कधी दोन पावलं सरळ, कधी एकदम डावीकडे. एकदा तर ती पूर्ण माघारी फिरली आणि सगळी रांग तिच्यामागे, तिच्याच पावलांवर, उलटी वळली. डंपरचा पक्का रस्ता साठ-सत्तर पावलांवर समोर दिसत होता, आणि आम्ही वाकडेतिकडे, कासवासारखे, त्याच्याकडे सरकत होतो. वाऱ्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. ती कुठं थांबली की सगळी रांग पाय न टेकवता थांबायची. मला सर्वांत मागून अकरा डोकी दिसत होती, अकरा पदर, आणि मी मनातल्या मनात परत परत मोजत होते, जणू मोजणं थांबलं की त्यातली एक कमी होईल.

माझ्या पुढे रंजना होती. लग्नाला वर्षही न झालेली पोर. अर्ध्या वाटेवर तिनं मागे वळून पाहिलं. का, ते तिनं मला नंतर सांगितलं. डबा माहेरचा होता. तिच्या टाचेनं बित्ताभर जागा चुकवली, आणि ‘कट्’ असा आवाज होऊन तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मी पुढे वाकून तिच्या काखेत हात घातले आणि सगळा जीव लावून ओढलं. पाय आला, बूट आला नाही. तो आतच राहिला आणि क्षणात जळत्या रबराचा काळा धूर त्या भोकातून बाहेर पडू लागला.

“पुढं ये!” पर्वताबाई ओरडली. “रंजे, मांगं पाहू नोको. माह्याकडं पाह्य. ये.”

रंजना एका पायात बूट, एक पाय उघडा, रडत पुढे गेली. आणि भोकाच्या कडा आत ढासळल्या. आधी सुपाएवढं होतं, मग परातीएवढं झालं, मग मला पलीकडे टांग टाकता येणार नाही एवढं. मी एका बाजूला आणि त्या सगळ्या दुसऱ्या बाजूला.

मी तिथंच उभी राहिले. बाया रस्त्यावर पोचल्या. एक, दोन, तीन, सगळ्या. मी त्यांना मोजलं. आता मोजायला मी एकटी उरले होते. मला देव आठवला नाही, आईही आठवली नाही. मला सतरा नंबर आठवला. वहीतली ती ओळ, माझ्याच अक्षरातली, नीट रेघ मारलेली. मला वाटलं, मी इथं आत गेले तर लोक म्हणतील बिचारी, आणि त्यांना कधीच कळणार नाही. भीतीच्या त्या घटकेलाही मला त्यातून थोडं बरं वाटलं, हे मी आज कबूल करते.

मान वर केली तर पर्वताबाई परत येत होती.

“येऊ नका!” मी ओरडले. ती आलीच. या वेळी लांबून, दुसऱ्या बाजूनं, भोकाला वळसा घालून. मधेच तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, ती झटकन पाय उचलून दुसरीकडे ठेवायची. माझ्यापासून चार पावलांवर ती थांबली.

“बूट काढ.”

“भाजेल पर्वताबाई.”

“भाजन. भाजन तिथून पाय उचल. नाही भाजन तिथं ठेव. तेच तं पाह्याचं आहे.”

मी बूट काढले. माती पायाला लागली तेव्हा मी पहिल्यांदा त्या जमिनीवर उभी राहिले असं म्हणायला हरकत नाही. आठ महिने मी तिच्यावर हिंडत होते. एक पाऊल कोमट. एक गरम. एक इतकं गरम की डोळ्यांत पाणी आलं. “तिथं नाही, इकडं,” ती म्हणायची. मग एकाएकी थंड माती आली. ओली, गार, गवताच्या मुळांची. मी त्या मातीवर उभी राहून हुंदका दिला. पर्वताबाई म्हणाली, “रडजो मंग. चाल.”

आम्ही रस्त्याला लागलो आणि मागे धप्प असा आवाज आला. आम्ही जेवायला बसलो होतो तो अख्खा गोल खाली बसला. डब्यांची झाकणं एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला. मग धूर. आत्राम डोझरमधून उतरला, त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं आणि तो नुसता बघत राहिला.

रंजनाची पोटरी भाजली होती. पर्वताबाईच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. आत्रामनं पिण्याच्या पाण्याचा कॅन आणला आणि बाया त्यांच्या पायांवर पाणी ओतू लागल्या. तेव्हा शेवंता माझ्याकडे वळली.

“मॅडम, तुमाले माईत होतं का वं हे?”

सगळ्यांचे हात थांबले.

“नाही,” मी म्हटलं. “मला कसं माहीत असणार? डबा हातात घेतला तेव्हाच कळलं.”

पर्वताबाई आपल्या पायांवरून ओघळणारं पाणी बघत होती.

देवतळे साहेब अर्ध्या तासानं जीप घेऊन आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कोणी मेलं तर नाही ना?” दोन्ही जखमी बायांना दवाखान्यात धाडल्यावर ते मला बाजूला घेऊन गेले. “अंधार पडायच्या आत कडेकडेनं माती ढकलून तो खड्डा बुजवून घेतो. समितीला उद्या उत्तरेची बाजू दाखवायची, तिकडं सगळं झकास आहे. आणि गौरकार, ते पत्र. उद्या सही करून टाकतो.” मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. होकार नव्हता, पण नकारही नव्हता.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी पर्वताबाईकडे गेले. उमरधऱ्याच्या लोकांना खाणीच्या अलीकडे नवी वस्ती बांधून दिली होती, सगळी घरं सारखी. ती ओसरीवर बसली होती. पाय ओल्या फडक्यावर. मी आणलेलं मलम तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचलून वास घेतला आणि बाजूला ठेवलं. समोरच्या अंगणात दोन पोरं शेळीमागं धावत होती.

“बस,” ती म्हणाली.

मी बसले. येताना रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही वापरता आलं नाही.

“बूट कधी कापले तुम्ही?” मी विचारलं.

“तीन हप्ते झाले.”

मी मनात मागचे आठवडे मोजले.

“सतराच्या खुंटीपाशी तू होती,” ती सांगू लागली, शेजारणीशी बोलावं तशी. “मी ठोंबं घेऊन मांगूनच येऊन राहिली होती. तू सळई काढली अन् फेकली. मंग ओढणी गुंडाळून उचलली. थंडीच्या दिवसात लोखंड कोणी ओढणीनं धरते का वं? मंग तू साहेबाकडं पळत गेली. मी म्हटलं, बरं झालं, पोरगी सांगाले गेली. परत आली तं म्हणे, तिथं ओल आहे.” ती थांबली. “घरी आली अन् बूट कापले. तेव्हापासून पात वळवत होती मी. जिथं पायाले लागे, तिथून बाया वळवून घेत होती. हे तीन दिवस नव्हती, तं असं झालं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. निर्लज्जपणाच होता तो, पण चढला होता. “दहा बाया होत्या तिथं!”

ती रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

“मी बोलून कोण ऐकन? साहेब म्हणते, म्हातारीच्या पायाले काय कळते. वहीत तुह्या लिहिलेलं असन, ते खरं.” पोरं शेळीला घेऊन कुंपणाकडे गेली, तिकडे तिनं पाहिलं. “उद्या पास झाली का कुंपण निघन. मंग तं हेच तिथं जातीन, ढोरं घेऊन.”

“दुपारी शेवंतानं विचारलं तेव्हा,” मी म्हटलं, “तेव्हा तरी तुम्ही सांगायचं होतं.”

“ते मी कशी सांगू?” ती म्हणाली. “ते तुह्यं होतं. तू सांगशीन म्हणून थांबली होती.” मग तिनं मलमाची डबी उघडली आणि फोडांवर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “अजून थांबूनच आहे.”

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आजही कुणाकडे जेवायला बसले की ताट उचलून मी आधी खालच्या जमिनीला हात लावते. घरातले हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला समिती आली. तिघेजण होते. देवतळे साहेब त्यांना हसतमुखानं उत्तरेकडे घेऊन निघाले. कुंपणाच्या तारेबाहेर बाया उभ्या होत्या, पर्वताबाई बैलगाडीच्या साटीवर पाय सोडून बसलेली. मी सळई घेऊन आडवी गेले आणि म्हटलं, “साहेब, आधी इकडे या. पण माझ्या मागूनच या.” देवतळे साहेब काहीतरी बोलले, ते मी ऐकलं नाही. चपला मी तारेबाहेरच काढल्या होत्या. पायानं चाचपत मी सतरा नंबरच्या अलीकडे, माती जिथवर गार होती तिथवर गेले, तिघांना मागेच थांबवलं, हात लांब करून सळई पुढे तिरपी खुपसली आणि शंभरपर्यंत आकडे मोजले.

मग ती बाहेर ओढली. ओढणी मी मुद्दाम घरी ठेवून आले होते.